काळ्या गाडीचा शुक्रवार

सकाळी ६.१५

शटर वर केलं तेव्हा नुकतं झुंजूमुंजू होत होतं. डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाचं उपनगर आहे. तिथे मेपल रोडच्या आतल्या बाजूला छोट्या वर्कशॉपची एक रांग आहे आणि तिच्यातल्या एका गाळ्यात मी गाड्यांचं डिटेलिंग करतो. गाळ्यात दोन गाड्या मावतात. तिसरी आली की मला बाहेर उभं राहावं लागतं. या धंद्याआधी पंधरा वर्षं मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टेबलखुर्चीची नोकरी केली. ती गेली तेव्हा माझ्याकडे एक पॉलिशिंग मशीन होतं आणि स्वतःच्या काळ्या गाडीवर करून ठेवलेल्या चुका होत्या. त्याच भांडवलावर धंदा उभा राहिला.

आज आत एकच गाडी आहे. काळी सेडान, चार वर्षांची. मालक म्हणजे आमचे एक काका, मूळचे मंगळवेढ्याचे, चाळीस वर्षांपासून मिशिगनमध्ये. काल रात्री चावी देताना म्हणाले, "अरे, गाडीला कधी कुणी धडक दिली नाही, मी स्वतः रोज पुसतो, तरी ही अशी म्हातारी का दिसते?" मी विचारलं, कशानं पुसता? तर म्हणाले, "जुन्या बनियनचं मऊसूत फडकं आहे की."

वरचे दिवे मालवले आणि टॉर्चचा झोत बोनेटवर टाकला. झोताभोवती कोळ्याचं जाळं उमटलं. टॉर्च सरकवला तसं जाळंही सरकलं. म्हणजे रेघा मुळात गोल नाहीतच, त्या चहूकडे पसरल्यात. झोताला ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात आणि डोळ्याला गोल वाटतात.

असे चरे पांढऱ्या गाडीवरही असतात. पण पांढरा रंग स्वतःच सगळीकडे उजेड उधळतो, त्या गर्दीत चऱ्याची चमक हरवून जाते. काळा रंग उजेड गिळतो. मग चऱ्याच्या काठावरून उडालेला कणभर उजेडही लपत नाही. काळी गाडी जास्त खराब होते असं लोक म्हणतात, ते खरं नाही. ती फक्त चुगली करते.

सकाळी ६.४५

रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशाएवढं असतं. पत्र्याला टेकवलं की आकडा येतो. पुढचा मडगार्ड ११४ मायक्रॉन, बोनेट १०८, डावं मागचं दार २४०. म्हणजे ते दार कधीतरी पुन्हा रंगवलंय. काकांनी सांगितलं नव्हतं, यंत्रानं सांगितलं.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. पत्र्यावरचे गंजरोधक थर, मग काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट, अशी ही उतरंड आहे. क्लिअरकोट असतो जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. सगळी चकाकी त्यातच आणि सगळे चरेही त्यातच. चरा घालवायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअरकोट घासून खाली आणायचा. चरा काही भरत नाही, त्याचा शेजार कापला जातो. त्यामुळे प्रत्येक पॉलिशला मुद्दलातून पैसे काढल्यासारखं होतं. आज तीन मायक्रॉनच्या आत भागवायचं, असं वहीत लिहून ठेवलं.

सकाळी ७.३०

मुलगी आली. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, उन्हाळाभर माझ्याकडे ताशी पगारावर. मी मराठीत सांगतो, ती इंग्रजीत उत्तर देते. काम अडत नाही.

ऊन चढायच्या आत धुणं उरकायचं, हा पहिला नियम. तापलेल्या काळ्या पत्र्यावर साबण आणि पाणी जागेवरच वाळतं आणि पाण्यातल्या क्षारांचे गोल डाग पाठीमागे उरतात. आधी चाकं. त्यांची बादली वेगळी, ब्रश वेगळा, फडकी वेगळी, कारण ब्रेकची भुकटी सगळ्यात खरखरीत. मग प्रेशरनं नुसतं पाणी. मग फेस मारून पाच मिनिटं गप्प बसायचं. सुटी धूळ पाण्यानं आणि फेसानं जेवढी जाईल तेवढी हात न लावता घालवायची.

हात लागतो तो त्यानंतर. दोन बादल्या, दोन्हींच्या तळाशी जाळी. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. लोकरीचा मोजा शाम्पूत बुडवायचा, गाडीवर एक हात मारायचा, साध्या पाण्यात जाळीवर खळबळायचा, मगच परत शाम्पूत. माती जाळीखाली बसते, मोज्याबरोबर वर येत नाही. टपापासून खाली यायचं; दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. हात सरळ रेषेत, भांडी घासल्यासारखा गरागरा नाही.

पुसताना मोठा टॉवेल बोनेटवर पसरायचा आणि दोन टोकांना धरून अलगद ओढायचा. ओढता ओढता मुलीच्या हातून टॉवेल सुटला आणि जमिनीवर पडला. तिनं चटकन उचलला. "बाबा, फाइव्ह सेकंड रूल?"

खाली पडलेला खाऊ पाच सेकंदांत उचलला तर खायला चालतो, असा इथल्या पोरांचा नियम आहे. टॉवेलला तो लागू नाही. वाळूचा एक कण त्यात अडकला की टॉवेलचा सँडपेपर होतो. पडलेला टॉवेल चाकांच्या डब्यात गेला. यापुढचं त्याचं आयुष्य टायर पुसण्यात.

काकांच्या बनियनचं हेच झालं. कापड मऊ होतं, पण खाली धूळ होती. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या आवारात पहाटे एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस गाड्या पुसणारा माणूस असतो; अकराव्या गाडीवर तो पहिल्या दहा गाड्यांची धूळ फिरवत असतो. तिकडे पांढऱ्या गाड्या जास्त, म्हणून त्याच्यावर आळ येत नाही.

सकाळी ९.१५

धुतलेल्या बोनेटवर हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. हातात सँडविचची प्लास्टिकची पिशवी घालून फिरवला तर खरखर कळते. ब्रेकचे लोखंडी कण तापून रंगात रुतलेले असतात. त्यावर एक द्रावण मारलं. दोन मिनिटांत काळ्या पत्र्यावरून जांभळे ओघळ वाहू लागले. लोखंडाशी रसायन जुळलं की हा रंग येतो. मुलगी दर वेळी या क्षणाचा फोटो काढते.

उरलेली खरखर चिकणमातीसारख्या क्ले बारनं काढायची. कणकेच्या गोळ्यासारखा मळायचा, चपटा करायचा, भरपूर ओशट पाणी मारून अलगद फिरवायचा, मळला की घडी घालून नवी बाजू वर आणायची. क्लेनंही काळ्या रंगावर पुसट रेघा येतात. म्हणून पॉलिश करायचं नसेल तर काळ्या गाडीला मी क्ले लावत नाही.

सकाळी १०.३०

अंगठी, घड्याळ, कडं सगळं काढून डब्यात. पट्ट्याचं बक्कलसुद्धा झाकायचं. कडांना आणि रबरांना निळी टेप लावली. पत्र्याच्या धारेवर क्लिअरकोट पातळ असतो, तिथे मशीन गेलं तर सगळं संपतं.

हे मी शिकलो ते स्वतःच्या गाडीवर. जुनं, एकाच दिशेनं गरगर फिरणारं मशीन होतं आणि अंगात घाई होती. मडगार्डच्या धारेवर तीन-चार सेकंद जास्त रेंगाळलो. पांढऱ्या फोमच्या पॅडवर अचानक काळपट डाग दिसला. क्षणभर वाटलं, मळ निघतोय. पण क्लिअरकोटच्या गाडीवर पॅड काळं होत नाही. क्लिअरकोटला रंगच नसतो. पॅड काळं झालं याचा अर्थ मी क्लिअरकोट संपवून खालच्या रंगात उतरलो होतो. ती जागा आजही माझ्या गाडीवर आहे, दोन बोटांएवढी, मंद. गिऱ्हाईक फार घाई करायला लागलं की मी त्याला ती दाखवतो.

आता मशीन डगमगत फिरणारं वापरतो. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरता फिरता मशीनच्या आसाभोवतीही फिरतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. बोनेटवर दोन फुटांचा चौकोन आखला. सगळ्यात सौम्य पॉलिश, सगळ्यात मऊ पॅड, चार हात आडवे, चार उभे. पुसलं, टॉर्च टाकला. जाळं निम्मं गेलं होतं. पॅड एक पायरी कडक घेतलं, पॉलिश तेच ठेवलं. दहातले आठ चरे गेले. दोन खोल होते, नखाला लागत होते. ते राहू द्यायचे. त्यांच्या तळापर्यंत जायचं तर बाकी बोनेटचा जीव जाईल. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर त्याला वाटतं आपण कामचुकारपणा केला.

दुपारी १२.४५

डबा. पोळी, कारल्याची भाजी, ताकाची बाटली. बाहेर रस्त्यावरून एक जुनी मस्टँग घरघरत गेली, तिच्यामागे आणखी एक. उद्या ऑगस्टचा तिसरा शनिवार, वुडवर्ड ड्रीम क्रूझचा दिवस. १९९५ साली फर्नडेलच्या मंडळींनी सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभारायला हा गाड्यांचा मेळा सुरू केला. आता पॉन्टिॲकपासून फर्नडेलपर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यू जुन्या गाड्यांनी भरून जातो. लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात, पालखी बघायला बसावं तसे.

काळ्या गाडीचं माहेरही याच रस्त्यावर. वुडवर्डवरच्या हायलंड पार्क कारखान्यात हेन्री फोर्डनं १९१३ साली सरकती असेंब्ली लाइन सुरू केली आणि १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळ्या रंगात निघाली. डांबरी घटकांचं ते काळं इनॅमल स्वस्त होतं, टिकाऊ होतं आणि भट्टीत भाजून लवकर पक्कं होई. चांगल्या गाड्यांवरची रंगीत व्हार्निशं एकावर एक चढवून वाळवायला आठवडे लागत. मग ड्यूपाँटचं ड्यूको नावाचं लॅकर आलं आणि १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात रस्त्यावर उतरल्या. रंगांची दारं उघडली.

मुलीच्या गळ्यात एक लोलक आहे. बघणाऱ्याला रंगीत पट्ट्यांचा दगड वाटतो. इथे त्याला फोर्डाइट म्हणतात. कारखान्यात फवाऱ्यातला वाया गेलेला रंग गाड्या धरणाऱ्या सांगाड्यांवर बसायचा, प्रत्येक गाडीबरोबर भट्टीत भाजला जायचा, वर्षानुवर्षं थरावर थर चढायचा. कामगारांनी तो फोडून, घासून त्याचे दागिने केले. आमच्या शहराचं हे खनिज.

दुपारी २.००

बाहेर ऊन कडक. एसी नाही, पंखे आहेत. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं काळी आणि चंदेरी अशा दोन सिव्हिक गाड्या सॅक्रामेंटोच्या उन्हात शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या. काळीचा टप २५ अंश सेल्सियसपर्यंत जास्त तापला. पॉलिश अशा पत्र्यावर वाळून पीठ होतं. म्हणून दुपारी शटर अर्धं खाली, एकेक पॅनेल, मधे पत्रा गार होऊ द्यायचा.

टपाच्या कोपऱ्यात पक्ष्याच्या विष्ठेचा ठसा सापडला. विष्ठा कधीच पुसलेली होती, नक्षी उरली होती. उन्हात क्लिअरकोट मऊ होऊन पसरतो, रात्री गार होताना आकसतो आणि वर वाळलेल्या विष्ठेचा साचा घेऊन बसतो. आम्ल आपलं काम करतंच. तापलेल्या काळ्या पत्र्यावर हे लवकर होतं. उपाय साधा: ओला कागद ठेवायचा, पाच मिनिटं थांबायचं, उचलायचं. घासायचं नाही. काकांनी घासलं होतं. ठशाभोवती चऱ्यांची प्रभावळ होती.

मधेच एक गोरे आजोबा आपली साठच्या दशकातली काळी गाडी घेऊन आले. उद्यासाठी टपाला एक हात मारून हवा होता. तिच्यावर क्लिअरकोट नाही, रंगच वरचा थर. मशीन फिरवलं तसं पॅड काळंकुट्ट झालं. मुलगी दचकून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या मडगार्डची गोष्ट तिला पाठ आहे. म्हटलं, हिचं हे बरोबरच आहे. तेच काळं पॅड एका गाडीवर संकट आणि दुसऱ्या गाडीवर रोजचं काम.

दुपारी ४.१५

पॉलिश संपलं. गाडी आरशासारखी दिसतेय आणि यावर विश्वास ठेवायचा नाही. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून त्यांना झाकतं. दोन धुण्यांत ते जातं आणि जाळं परत येतं. म्हणून अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणानं अख्खी गाडी पुसायची. चमक थोडी उतरते, पण जे उरतं ते खरं असतं. उजव्या दारावर हातभर जागेत धुकं राहिलं होतं. परत मशीन, परत अल्कोहोल. पाऊण तास गेला. यंत्रानं बोनेट १०६ दाखवलं. वहीतल्या हिशोबात बसलं.

सायंकाळी ५.१५

आता लेप. सिरॅमिक कोटिंगची बाटली ३० मिलिलिटरची, खोकल्याच्या औषधापेक्षा लहान. चौकोनी गादीवर चार थेंब, दोन फुटांचा चौकोन, आडवा हात, उभा हात. मग वाट बघायची. पत्र्यावर तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुषी रंग उमटले की स्वच्छ फडक्यानं अलगद सपाट करायचं. लवकर पुसलं तर लेप निघून येतो. उशीर झाला तर डाग दगडासारखा बसतो आणि पुन्हा पॉलिश.

बाटलीवर "९एच" लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल. तो आकडा पेन्सिलींच्या कडकपणाचा आहे. ९एच पेन्सिलीनं ओरखडा येत नाही, एवढंच. किल्लीनं येतो, वाळूनं येतो, बनियननं येतो. लेपाचा खरा उपयोग वेगळा आहे. घाण त्याला घट्ट धरत नाही, पाणी मोती होऊन पळतं, मग पुसावं कमी लागतं. उडत्या खड्यांपासून वाचवायचं तर पारदर्शक फिल्म हवी. तिची पूर्वज व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळूपासून राखायला वापरली होती. काकांना फिल्मचा भाव सांगितला तेव्हा त्यांनी विषय बदलला.

सायंकाळी ७.२०

शटर उघडं ठेवलं होतं. उन्हं तिरपी आत आली होती, बरोबर बोनेटवर. काका आणि काकू आले, हातात चिवड्याचा डबा. काका दारातच थांबले. चाळीस वर्षं मोटार कंपनीच्या आवारात काढलेला माणूस, त्याला गाडी काय नवी. पण गाडीत समोरच्या चिंचोळ्या आभाळासकट वर्कशॉपचा अख्खा पत्रा दिसत होता. काका जवळ आले, वाकले, त्यांचा उजवा हात खिशात गेला आणि रुमाल बाहेर आला.

"काका!"

"अरे, इथे एवढीशी धूळ बसलीय."

"बसू द्या. पाण्यानं जाईल. धूळ बसल्यानं चरा पडत नाही, पुसल्यानं पडतो."

रुमाल हातातच राहिला. मग मी यादी सांगितली. कोरडं फडकं बंद. फिरत्या ब्रशांचं कार वॉश बंद. चिखलातून आलेल्या ट्रकनंतर तुमचा नंबर असतो. हिवाळ्यात मीठ साचलं की नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याचं वॉश, तेही दर आठवड्याला. डेट्रॉइटच्या पोटात सुमारे १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे, १९१० पासूनची. तेच मीठ बर्फावर पडतं आणि तेच दाराच्या खालच्या भागाला लागतं.

"म्हणजे गाडीची सेवा करायची ती हात न लावता?" काका म्हणाले.

काकूंना वेगळी चिंता. "दसऱ्याला स्वस्तिक काढायचं नाही का रे? कुंकवाचं?"

"काढा, काकू. काचेवर काढा. आणि हार तारेत ओवलेला नको, दोऱ्यातला आणा."

"आणि हे जे वरून लावलंय, ते किती टिकतं?"

"दोनेक वर्षं. मग परत लावायचं. पंढरपूरला मूर्तीची झीज होऊ नये म्हणून वज्रलेप करतात ना, तसंच समजा."

काका एकदम मंगळवेढ्याला पोचल्यासारखे झाले. म्हणाले, "लहानपणी आजोबांबरोबर पंढरपूरला जायचो. पायांवर डोकं टेकवायचं, आणि बडवे मागून ढकलायचे. मोठा झाल्यावर ऐकलं की त्या पायांची झीज झालीय. एवढ्या लोकांनी डोकी टेकवली, दुसरं काय होणार." मग गाडीकडे बघत विचारलं, "आज नेऊ का?"

"नाही. रात्रभर इथेच. लेपाला पाणी लागायला नको, दव नको, हात तर अजिबात नको. उद्या दुपारी या."

काकांनी रुमालानं चष्मा पुसला. काचेवर बारीक चरे होते, बहुधा चाळीस वर्षांचे. चष्मा डोळ्यांवर चढवून दोन पावलं मागे सरकले, दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"बरं," म्हणाले, "आज पदस्पर्श बंद. नुसतं मुखदर्शन."

रात्री ८.४०

ते गेले. बावीस फडकी वेगळ्या मशीनमध्ये, सॉफ्टनर न घालता. सुती कपड्यांबरोबर कधीच नाही, त्यांचे तंतू चिकटतात. चाकांच्या डब्यातला सकाळचा टॉवेल वेगळा ठेवला. मुलीनं चिवड्याचा डबा उघडला होता आणि बोनेटपासून चांगलं दहा फूट लांब उभी राहून खात होती. दूर वुडवर्डच्या बाजूनं इंजिनांचा आवाज येत होता. दिवे मालवले. शटर ओढायच्या आधी टॉर्च पेटवावा असं वाटलं, पण खिशातून काढला नाही.